कॅन्सरसारखी दिसणारी पिवळी गाठ: स्त्रियांच्या झँथोग्रॅन्युलोमॅटस सुजेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन होऊन आठवडा झालेला असतो, टाके अजून ओढत असतात आणि पॅथॉलॉजीचा कागद हातात येतो. ‘कॅन्सर नाही’ एवढं वाचून घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात. मग कुणाचं तरी लक्ष वरच्या ओळीकडे जातं. तिथे एक शब्द असतो, जो धड वाचताही येत नाही: झँथोग्रॅन्युलोमॅटस. पुढचे सगळे प्रश्न या ओळीपासून सुरू होतात. मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली असले तुकडे बघणारा माणूस आहे. त्यामुळे उत्तरं थोडी काचपट्टीच्या बाजूने झुकलेली वाटली तर सांभाळून घ्या.

या शब्दाचा अर्थ तरी काय?

‘झँथोस’ म्हणजे ग्रीक भाषेत पिवळा. ‘ग्रॅन्युलोमा’ म्हणजे जुनाट सुजेत शरीराच्या लढाऊ पेशी एकत्र जमून झालेला पुंजका. ज्या सुजेत पेशींचे पिवळे पुंजके तयार होतात, ती ही सूज. बीजांडकोशात असेल तर शेवटी ‘ओओफोरायटिस’ लागतं, गर्भनलिकेत असेल तर ‘सॅल्पिंजायटिस’ आणि गर्भपिशवीच्या अस्तरात असेल तर ‘एंडोमेट्रायटिस’. बीजांडकोश आणि नलिका शेजारीशेजारी असल्यामुळे पुष्कळदा दोन्ही एकाच गाठीत सापडतात. कोणती कुठे संपते हे कळत नाही.

हीच सूज मूत्रपिंडात आणि पित्ताशयात जास्त आढळते आणि तिथली ती डॉक्टरांच्या ओळखीची आहे. स्त्रीच्या जननअवयवांत मात्र ती दुर्मिळ आहे. कित्येक स्त्रीरोगतज्ज्ञांना अख्ख्या कारकिर्दीत एखादीच रुग्ण भेटते, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी हे नाव आधी घेतलं नाही यात त्यांची हयगय नाही.

काचेवर नेमकं काय दिसतं?

काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या, म्हणजे ती कुजू नये म्हणून वापरायच्या द्रावणाच्या, डब्यात आमच्याकडे येते. सुरीने कापली की आत मऊ, ठिसूळ, पिवळट भाग दिसतो. कधी हळदीसारखा, कधी लोण्यासारखा. मध्येमध्ये पुवाची छोटी पोकळी असते आणि भोवती पांढरट, चिवट व्रणाचा पट्टा. कॅन्सरच्या गाठीही अशा दिसू शकतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

मग त्यातले तुकडे मेणात बसवून, कागदाहून पातळ काप काढून, रंग देऊन बघायचे. तिथे मोठ्या, फुगलेल्या, फेसाळ पेशी थव्याने पसरलेल्या दिसतात. या मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातला कचरा गिळणाऱ्या पेशी. जंतू आणि मेलेल्या पेशी गिळताना त्यांच्यातली चरबीही या पेशींच्या पोटात साठते. गाठ पिवळी दिसते ती या चरबीमुळे. गंमत अशी की काचेवर ही चरबी दिसतच नाही. मेणात बसवताना वापरलेल्या रसायनांत ती विरघळून जाते आणि मागे रिकामे ठिपके उरतात, साबणाच्या फेसासारखे. या पेशींच्या आजूबाजूला लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी, थोडे न्यूट्रोफिल अशा संसर्गाशी लढणाऱ्या पेशी आणि कधीकधी अनेक केंद्रकं असलेल्या राक्षसी पेशी असतात. बीजांडकोशाची मूळ रचना जवळपास पुसली गेलेली असते.

मग हा कॅन्सर नाही ना? पुढे होणार नाही ना?

नाही. ही सूज आहे. ती पुढे जाऊन कॅन्सर ‘बनते’ असंही नाही. बीजांडकोशातल्या गाठीबद्दल हे उत्तर मी न अडखळता देतो. गर्भपिशवीच्या अस्तरातल्या सुजेबद्दल मात्र एक पुरवणी आहे, ती खाली वेगळी दिली आहे. ती वगळून पुढे जाऊ नका.

सोनोग्राफी, सीटी स्कॅन सगळ्यांत कॅन्सरचा संशय होता. मशीन चुकलं का?

मशीन चुकलं नाही. मशीनला आकार दिसतो, पेशी दिसत नाहीत. ही सूज शेजारच्या आतड्याला, मूत्राशयाला, ओटीपोटाच्या पडद्याला चिकटते. गाठ अर्धी घट्ट, अर्धी पाण्याने भरलेली असते, कडा अस्पष्ट असतात, आत रक्तपुरवठा वाढलेला असतो. बीजांडकोशाच्या कॅन्सरचं वर्णनही जवळपास असंच असतं. वजन घटणं, भूक न लागणं, रक्त कमी होणं ही लक्षणंही दोन्हीकडे. अशा वेळी स्कॅन बघणाऱ्याने ‘कॅन्सर असू शकतो’ असं लिहिलं नसतं तर ती चूक ठरली असती.

माझं सीए-१२५ वाढलेलं होतं. त्याचं काय?

सीए-१२५ हे रक्तात मोजलं जाणारं एक प्रथिन, आणि त्याचा आकडा हा सगळ्यात जास्त रडवणारा. १९८१ साली अमेरिकी कॅन्सरतज्ज्ञ रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनाला ओळखणारी अँटिबॉडी शोधली. दर मिलिलिटरला ३५ युनिट ही वरची मर्यादा १९८३ सालापासून वापरात आहे. पण हे प्रथिन फक्त कॅन्सरच्या पेशी बनवतात असं नाही. पोटाच्या आतल्या पातळ आवरणाला त्रास झाला की तेही ते सोडतं. त्यामुळे एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं), टीबी, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, गरोदरपण, अगदी पाळीचे दिवस, या सगळ्यांत हा आकडा चढतो. झँथोग्रॅन्युलोमॅटस सुजेतही चढतो. पाळी गेलेल्या बाईत वाढलेल्या आकड्याला जास्त वजन आहे, तरुण मुलीत कमी. पण नुसत्या आकड्यावरून कुणीही निदान करू नये. इंटरनेटवर शोधत तर मुळीच बसू नये.

ही सूज होते कशामुळे?

एकच एक कारण नाही. सगळ्यात जास्त संशय जातो तो ओटीपोटातल्या जुन्या, अर्धवट बऱ्या झालेल्या जंतुसंसर्गावर. नलिकेत शिरलेले जंतू पूर्ण मरत नाहीत, पू तिथेच कोंडतो, मॅक्रोफेज तो गिळत राहतात आणि पचवू शकत नाहीत. महिनोन्‌महिने हे चालू राहतं. गाठीतल्या पुवातून ई. कोलाय, प्रोटिअस, बॅक्टेरॉइड्स असे जंतू मिळाल्याच्या नोंदी आहेत. पण पुष्कळदा कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, काहीच उगवत नाही, कारण तोवर पेशंटला दोन-तीन प्रकारची अँटिबायोटिक्स देऊन झालेली असतात.

याखेरीज एंडोमेट्रिओसिस, आधी झालेली ऑपरेशनं, शरीरातल्या चरबीच्या चयापचयातला बिघाड आणि मॅक्रोफेजचं काम मंदावणं, या कारणांचीही चर्चा होते.

आपल्याकडे दुखणं अंगावर काढण्याची सवय आहे, ती इथे नडते. ओटीपोटात दुखतंय, ताप येतोय, अंगावरून घाण वासाचं जातंय, आणि चार दिवसांच्या गोळ्यांनी बरं वाटलं की पुढच्या गोळ्या बंद. ओटीपोटाच्या जंतुसंसर्गाचा नेहमीचा कोर्स १४ दिवसांचा असतो. तो असा अर्ध्यावर सोडण्यासाठी ठरवलेला नाही.

तांबी बसवली होती. तिच्यामुळे झालं का?

अनेक जणी हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात आणि सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघतात. उत्तर दोन भागांत आहे. या सुजेच्या काही रुग्णांत दीर्घकाळ ठेवलेली तांबी आढळली आहे, हे खरं. पण तांबीमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो तो मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत, आणि तोही बसवताना आधीच असलेला संसर्ग वर ढकलला गेल्यामुळे. त्यानंतर धोका फारच थोडा उरतो. म्हणून ज्यांना काही त्रास नाही, त्यांनी ही माहिती वाचून घाबरून तांबी काढायला धावू नये. मुदत मात्र पाळा. तांबीचा प्रकार आणि बसवल्याची तारीख घरात कुठेतरी लिहिलेली असू द्या. मुदत उलटून गेलेली, विसरलेली तांबी हा वेगळा आणि खराखुरा प्रश्न आहे.

लक्षणं कोणती असतात?

ओटीपोटात बोथट दुखणं, येऊनजाऊन ताप, पाळीत जास्त रक्त जाणं, अंगावरून पांढरं किंवा पिवळट जाणं, हाताला लागणारी गाठ, मूल न राहणं, थकवा. यातलं एकही लक्षण फक्त या आजाराचं नाही. बीजांडकोशाची आणि नलिकेची सूज बहुतेक पाळी चालू असलेल्या वयात दिसते, तर गर्भपिशवीच्या अस्तराची सूज बहुतेक पाळी गेल्यानंतर.

अचानक असह्य दुखू लागलं, थंडी वाजून खूप ताप आला, घेरी आली किंवा पोट दगडासारखं कडक झालं, तर वाट बघू नका. पुवाची गाठ फुटलेली असू शकते. सरळ मोठ्या रुग्णालयात जा.

आधीच सुई घालून तुकडा का तपासत नाहीत? ऑपरेशन तरी टळलं असतं.

प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की संशय बीजांडकोशाच्या कॅन्सरचा असतो. तो खरा निघाला आणि सुई टोचल्यामुळे गाठीतलं पाणी पोटात सांडलं, तर मर्यादित असलेला आजार पसरण्याचा धोका असतो. म्हणून काढता येण्यासारखी गाठ असेल तर ती शक्यतो अखंड काढायची असा दंडक आहे. शिवाय सुईत आलेल्या चार फेसाळ पेशींवरून ‘कॅन्सर नाहीच’ असं छातीठोकपणे सांगणंही अवघड असतं, कारण शेजारच्याच भागात काय आहे ते सुईला दिसत नाही.

फ्रोझन सेक्शन म्हणजे काय? आमच्या डॉक्टरांनी ते आधी विचारलं होतं.

विचारलं असेल तर ते सावध डॉक्टर आहेत. पेशंट टेबलावर भूल दिलेल्या अवस्थेत असताना गाठ पॅथॉलॉजीत पाठवतात. आम्ही तिच्यातला तुकडा साधारण उणे २० अंशांवर गोठवतो, लगेच काप काढतो, रंग देतो आणि अंदाजे अर्ध्या तासात ऑपरेशन थिएटरला फोन करतो. तोपर्यंत सर्जन थांबलेले असतात. ‘सूज दिसते आहे, कॅन्सर दिसत नाही’ एवढं एक वाक्य त्या फोनवर गेलं, तर तरुण मुलीची दुसरी बाजू आणि गर्भपिशवी वाचू शकते.

मला या सगळ्या विषयात एकच गोष्ट आग्रहाने सांगायची असेल तर ती हीच: गाठ कितीही भयानक दिसो, मूल हवं असलेल्या बाईचं सगळं काढून टाकण्याआधी तुकडा बघितला जावा.

फ्रोझनलाही मर्यादा आहेत. गोठवलेल्या कापात फेसाळ पेशी ‘क्लिअर सेल’ नावाच्या कॅन्सरच्या पेशींसारख्या भासू शकतात. म्हणून शंका असेल तर आम्ही फोनवर तसंच सांगतो, आणि अंतिम उत्तर मेणातल्या कापांवरूनच देतो. त्याला काही दिवस लागतात. गरज पडली तर विशेष रंग देतो. सीडी-६८ हा मार्कर मॅक्रोफेजमध्ये उमटतो, तर सायटोकेराटिन कॅन्सरच्या पेशींत उमटतं आणि मॅक्रोफेजमध्ये उमटत नाही. या दोघांच्या जोडीने बहुतेक भांडणं मिटतात.

टीबी नाही हे कशावरून?

जननअवयवांच्या टीबीतही गाठी होतात, नलिका बंद होतात, सीए-१२५ वाढतं. काचेवर मात्र त्याचे पुंजके वेगळे दिसतात आणि मध्यभागी पनीरसारखा मेलेला भाग असतो. खात्रीसाठी टीबीचे जंतू दाखवणारा झील-नील्सन रंग आणि जनुकीय तपासणी करतात. हा फरक जिवावरचा आहे, कारण टीबीला किमान सहा महिने औषधं लागतात आणि आपल्या पिवळ्या सुजेला टीबीच्या गोळ्यांचा काडीचाही उपयोग नाही.

आणखी दोन नातेवाईक आहेत. अॅक्टिनोमायकोसिस हा जंतूचा आजार जुन्या तांबीसोबत दिसू शकतो. त्याच्या पुवात गंधकासारखे पिवळे कण असतात आणि त्याला पेनिसिलिन कित्येक महिने द्यावं लागतं. दुसरा मॅलॅकोप्लाकिया. त्यातही मॅक्रोफेजच असतात, पण त्यांच्या आत मायकेलिस-गुटमान नावाचे गोल, घुबडाच्या डोळ्यासारखे ठिपके दिसतात. १९०२ साली त्यांचं वर्णन पहिल्यांदा झालं. पॅथॉलॉजिस्टने हे सगळं तपासून बाजूला केलेलं असतं, रिपोर्टात मात्र त्यावर एखादीच ओळ येते.

नुसत्या औषधांनी बरं होत नाही का?

गाठ पक्की झालेली असेल तर सहसा नाही. व्रणाच्या जाड भिंतीतून औषध आत पुरेसं पोचत नाही, आणि आतल्या पेशी तर कामातून गेलेल्याच असतात. अँटिबायोटिक्सने ताप उतरतो, दुखणं कमी होतं, ऑपरेशन थोडं सोपं होतं. ती ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दिली जातात ती त्यासाठी. गाठ मात्र जागेवर राहते. संसर्ग अगदी सुरुवातीला पकडला आणि पूर्ण उपचार केले, तर गोष्ट इथवर येतच नाही.

ऑपरेशनमध्ये किती काढतात?

बाधित बीजांडकोश आणि नलिका, बहुतेक वेळा एवढंच. दुसरी बाजू चांगली असेल आणि मूल हवं असेल, तर ती ठेवणं हाच योग्य मार्ग. वय जास्त असेल, दोन्ही बाजू खराब असतील किंवा गर्भपिशवीही चिकटलेली असेल, तर पिशवी काढण्याचा निर्णय होतो. ऑपरेशन सोपं नसतं. आतडं, मूत्रनलिका गाठीला चिकटलेल्या असतात आणि त्या सोडवताना इजा होऊ शकते. म्हणून दुर्बिणीतून सुरू केलेलं ऑपरेशन पोट उघडून पूर्ण करावं लागलं, तर त्याला बिघाड समजू नका.

आईची पाळी जाऊन बारा वर्षं झाली. तिच्या पिशवीच्या अस्तरात ही सूज निघाली. तिचं काय?

हीच ती पुरवणी. पाळी गेल्यानंतर गर्भपिशवीचं तोंड आकसून बंद होऊ शकतं. किरणोपचार झालेले असतील तर आणखीच. मग आत पू किंवा रक्त साचतं आणि अस्तरात ही पिवळी सूज तयार होते. अंगावरून लालसर किंवा पुवासारखं जाणं, ओटीपोटात जडपणा ही लक्षणं. तोंड रुंद करून पू वाहता करणं, अस्तर खरवडून तपासायला देणं आणि अँटिबायोटिक्स हा पहिला टप्पा.

पण पिशवीचं तोंड बंद होण्याचं कारण कधीकधी आत किंवा तोंडाशी असलेला कॅन्सरच असतो, आणि सुजेच्या ढिगाखाली तो झाकला जातो. म्हणून अस्तराच्या बाबतीत ‘फक्त सूज आहे’ या रिपोर्टवर लगेच विसंबून राहू नये. तुकडा पुरेसा होता का, हे विचारा. त्रास पुन्हा सुरू झाला तर पुन्हा तपासणी करा. आणि पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसलं, थेंबभर दिसलं, तरी ते तपासायलाच हवं. ‘उष्णतेमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

मला मूल होईल का?

एक चांगला बीजांडकोश आणि एक मोकळी नलिका पुरेशी असते. मात्र दुसऱ्या बाजूची नलिकाही जुन्या संसर्गाने खराब झाली असेल का, हा खरा मुद्दा. स्वीडनमधल्या लुंड शहरात लार्स वेस्ट्रॉम यांनी ओटीपोटाचा संसर्ग झालेल्या स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांनी १९९२ साली दिलेले आकडे असे: एकदा संसर्ग झाला तर नलिकेतल्या दोषामुळे वंध्यत्व सुमारे ८ टक्के, दोनदा झाला तर जवळपास २० टक्के, तीन किंवा जास्त वेळा झाला तर ४० टक्के. हे आकडे साध्या जंतुसंसर्गाचे आहेत, या दुर्मिळ सुजेचे नाहीत. पण संसर्ग पुन्हापुन्हा होऊ देण्याची किंमत त्यांतून दिसते.

बरं वाटल्यावर नलिका मोकळी आहे का ते तपासून घ्या. दोन्ही नलिका गेल्या असतील तर आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, आहे. आणि दिवस राहिले की सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करा, कारण खराब नलिकेत गर्भ अडकण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो.

नवऱ्याला लागण होईल का? त्याच्यामुळे झालं का?

पिवळी सूज एकाची दुसऱ्याला लागत नाही. ज्या मूळ संसर्गातून ती उद्भवली तो मात्र गोनोरिया किंवा क्लॅमिडियासारखा शरीरसंबंधातून पसरणारा असेल, तर जोडीदाराची तपासणी आणि उपचार दोघांच्याही भल्याचे. पण कल्चरमध्ये ई. कोलायसारखे आतड्यातले जंतू निघाले असतील, तर त्यावरून घरात संशयाचं वादळ उठवायचं काहीच कारण नाही.

दोन्ही बीजांडकोश काढावे लागले. आता?

पाळी एका दिवसात थांबते आणि अंगातून गरम वाफा येणं, झोप उडणं, कोरडेपणा हे सगळं नैसर्गिक पाळी जाण्यापेक्षा जोरात येतं. हाडांवरही परिणाम होतो. हा कॅन्सर नव्हता, त्यामुळे हार्मोनच्या गोळ्या किंवा पॅच घ्यायला त्या कारणाने मनाई नाही. दुसरी काही अडचण नसेल तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत ते द्यावेत असाच सल्ला असतो. पुष्कळ जणींना हे कुणी सांगतच नाही. स्वतःहून विचारा.

पुन्हा होतं का? किती वर्षं तपासण्या?

बाधित भाग पूर्ण निघाला असेल तर पुन्हा होणं क्वचित. कॅन्सरसारखं वर्षानुवर्षं स्कॅन करत बसायची गरज सहसा नसते. पहिले काही महिने तपासणी आणि एखादी सोनोग्राफी, पुढचं डॉक्टर ठरवतील. चिकटलेला थोडा भाग नाइलाजाने आत ठेवला असेल तर पाठपुरावा जास्त काळ लागतो. सीए-१२५ आधी वाढलेलं असेल तर एकदा पुन्हा करून ते खाली आलं का ते बघतात, मनालाही बरं वाटतं.

रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना काय विचारू?

गाठीतून किती तुकडे घेऊन तपासले. टीबी आणि बुरशीसाठी रंग दिले का. पुवाचं कल्चर पाठवलं होतं का आणि काय उगवलं. दुसरा बीजांडकोश आणि नलिका ऑपरेशनमध्ये कशी दिसली. आत काही ठेवावं लागलं का. औषधांचा कोर्स कोणत्या तारखेला संपतो. आणि तरीही मनात शंका राहिली तर मेणाचे ठोकळे आणि काचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे नेता येतात. ठोकळे जपून ठेवलेले असतात, मागितले की मिळतात, आणि दुसरं मत मागितलं म्हणून आमच्यातल्या कुणालाही राग येत नाही. निदान येऊ नये.